पाटीच्या डोंगरावरचे द्राक्ष

जर्मनीतील मोझेल नदीकाठच्या एर्न्स्ट लोझेन या वाइनमेकरविषयी मी मागील अंकात लिहिले होते. पस्तीस वर्षांहून अधिक काळ हा मनुष्य मुख्यतः एकाच द्राक्षाच्या, म्हणजे रीस्लिंगच्या, मागे लागलेला आहे, हा त्या लेखाचा विषय होता. त्यावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्न येथे घेत आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. मी स्वतः नाशिक जिल्ह्यात वाइन करतो आणि उमेदवारीच्या काळात मोझेलच्या एका तोडणीच्या हंगामात राबलेलो आहे, तेव्हा या द्राक्षाकडे माझा थोडा ओढा असणार, हे वाचकांनी गृहीत धरूनच पुढे वाचावे.

प्रश्न : एकाच द्राक्षावर आयुष्यभर प्रेम करणे वाचायला छान वाटते, पण व्यवहारात हा हट्टच नव्हे काय? कॅबर्ने, शार्दोने, पिनो न्वार अशी इतकी द्राक्षे असताना रीस्लिंगमध्ये असे काय आहे की माणसाला त्याचा कंटाळा येऊ नये? (एक वाचक, पुणे)

हट्ट आहेच. परंतु तो कशातून आला, हे पाहिले म्हणजे त्यातील शहाणपणही दिसू लागते.

लोझेन यांच्या घराण्याकडे बेर्नकास्टेल गावाजवळची ही बाग दोनशे वर्षांहून अधिक काळ आहे. एर्न्स्ट यांनी गाइझेनहाइम येथे द्राक्षशास्त्राचे शिक्षण घेतले खरे, पण पुढे ते माइन्त्स येथे पुरातत्त्वशास्त्राच्या अभ्यासाकडे वळले. १९८८ मध्ये घरची बाग त्यांच्या हाती आली. त्यांनी हिशेब मांडला तेव्हा त्यांच्या लक्षात आले की आपल्याकडे दोन गोष्टी अशा आहेत ज्या पैसे देऊनही उभ्या करता येणार नाहीत : एक म्हणजे मोझेलच्या उत्तम उतारांवरचे तुकडे, आणि दुसरी म्हणजे त्यांवर उभ्या असलेल्या, साठ वर्षांपासून शंभरीपर्यंत पोचलेल्या, कलम न केलेल्या रीस्लिंगच्या वेली.

कलम न केलेल्या या शब्दांपाशी जरा थांबावे लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा नावाच्या मुळे खाणाऱ्या किडीने युरोपातील बागा उद्ध्वस्त केल्या. तेव्हापासून जवळजवळ सगळीकडे अमेरिकी खुंटावर युरोपीय वेलीचे कलम बांधले जाते. मोझेलच्या दगडी जमिनीत मात्र ही कीड नीट तग धरत नाही. त्यामुळे तेथील काही उतारांवर आजही वेल स्वतःच्या मुळांवर उभी असलेली दिसते. पुरातत्त्वाचा नाद असलेल्या माणसाला असा वारसा सापडल्यावर तो उपटून तेथे दुसरे काही लावण्याची बुद्धी होणार नाही, हे समजण्यासारखे आहे. त्यांनी वेली राखल्या, उत्पन्न मुद्दाम कमी घेतले, रासायनिक खतांना फाटा दिला आणि तोडणीच्या वेळी घड निवडून घेण्याची शिस्त घातली.

त्या जमिनीविषयी मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सगळे तेथेच आहे. मोझेलचा उतार म्हणजे पाटीच्या दगडाचा डोंगर. ज्या दगडाच्या पाटीवर आपल्या आधीच्या पिढ्यांनी अक्षरे गिरवली, त्याच जातीचा काळा-निळा, पापुद्र्यांचा दगड तेथे जमिनीवर गुडघ्याएवढ्या थरात पसरलेला असतो. तोडणीच्या पहिल्या दिवशी मी पाठीवर टोपली घेऊन चढू लागलो तेव्हा प्रत्येक पावलाखाली पाट्या फुटल्यासारखा खळखळ आवाज होत होता आणि दोन पावले वर गेलो की एक पाऊल खाली घसरत होतो. प्रत्येक वेल एका उंच खांबाशी एकटी बांधलेली असते, आणि तिच्या दोन काड्या वाकवून बदामाच्या आकारात खाली आणलेल्या असतात. तारा नाहीत, ट्रॅक्टर नाही. उतार इतका उभा की पुष्कळ ठिकाणी हातानेच सगळे करावे लागते. पावसाने दगड खाली वाहून आले की ते पुन्हा वर नेऊन टाकण्याची जुनी रीत आहे. हा दगड दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते वेलीला परत देतो. खालची नदी वरच्या उतारावर प्रकाश परतवते. पन्नासाव्या अक्षांशावर, जेथे द्राक्ष पिकण्याची शाश्वती नाही, तेथे रीस्लिंग पिकते ती या दोघांच्या कृपेने.

आता कंटाळ्याचा मुद्दा. वाइन करणाऱ्याच्या हाती साधारणपणे पुष्कळ साधने असतात. नव्या ओक पिंपाचा सुवास देता येतो, दुसऱ्या जातीचा रस मिसळून उणीव झाकता येते, जिवाणूंकरवी आंबटपणा मऊ करून लोण्यासारखी चव आणता येते. रीस्लिंगला यांतले फारसे काही मानवत नाही. नव्या ओकात ती बेढब लागते, मिश्रणात ती हरवते. म्हणजे करणाऱ्याचा हात जितका कमी, तितके द्राक्ष जास्त बोलते. आणि ते जे बोलते ते दर उताराला आणि दर वर्षाला वेगळे असते. लोझेन यांच्याच बागेत वेलेन गावचा झोनेनऊअर हा निळ्या पाटीचा उतार आहे. नावाचा अर्थ सूर्यघड्याळ, आणि १८४२ मध्ये योडोकुस प्र्यूम यांनी बांधलेले ते घड्याळ आजही वेलींच्या मधोमध उभे आहे. तेथून काही किलोमीटरवर उर्त्सिग गावचा व्युर्त्सगार्टेन, म्हणजे मसाल्यांची बाग, आहे. तेथील जमीन लाल आहे. द्राक्ष तेच, तोडणारे हात तेच, तळघर तेच. तरी एका पेल्यात पांढरे पीच आणि हिरवे सफरचंद, नितळ आणि हलके. आणि दुसऱ्यात पिकलेल्या फळाच्या मागे आले-वेलदोड्याची आठवण देणारा उबदारपणा. मी ही दोन पिंपे एकाच सकाळी, शेजारी शेजारी चाखली होती, आणि मला वाटले होते की तळघरवाला माझी गंमत करतो आहे.

येथे एक गैरसमज मात्र दूर करतो. दगडाची चव मुळांतून चढून पेल्यात येते, असे विक्रेते हौसेने सांगतात. विज्ञानाला ते मान्य नाही. दगड पाणी किती धरतो, ऊब किती देतो, वेलीला किती उपाशी ठेवतो, यांतून फळ घडते आणि त्यातून चव. मला हे स्पष्टीकरण दंतकथेपेक्षा अधिक मोहक वाटते.

हट्टाबाबत एक न्याय करायला हवा. लोझेन यांनी इतर काही केलेच नाही असे नव्हे. ऑरेगॉनमध्ये त्यांनी पिनो न्वारही केली आहे. तरी फिरून ते रीस्लिंगकडेच येतात. १९९६ मध्ये त्यांनी फाल्त्स प्रांतातील वोल्फ घराण्याची बाग हाती घेतली; १९९९ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील शातो सेंट मिशेल या कंपनीबरोबर ‘एरोइका’ नावाची रीस्लिंग सुरू केली; आणि आता घरच्या तळघरात काही कोरड्या, म्हणजे साखर जवळजवळ न उरलेल्या, वाइन पणजोबांच्या काळच्या पद्धतीने, हजार लिटरच्या जुन्या ओक पिंपात, यीस्टच्या साक्यावर दोन वर्षे न हलवता ठेवतात. जुने पिंप चव देत नाही, फक्त वेळ देते. ‘डिकँटर’ या इंग्रजी नियतकालिकाने २००५ मध्ये त्यांना वर्षाचा मानकरी ठरवले.

प्रश्न : ‘रीस्लिंग’ की ‘रायस्लिंग’? दुकानात दोन्ही ऐकू येते. (एक वाचक, ठाणे)

रीस्लिंग. जर्मन भाषेत ‘ie’ ही अक्षरे दीर्घ ‘ई’ अशी उच्चारली जातात. नाव बरेच जुने आहे : १४३५ मध्ये र‍्यूसेल्सहाइम येथील एका सरदाराच्या खर्चाच्या नोंदीत या वेली विकत घेतल्याचा उल्लेख सापडतो.

प्रश्न : एका समारंभात मी रीस्लिंग घेतली. ती किंचित गोड होती आणि मला ती मनापासून आवडली. शेजारच्या गृहस्थांनी मात्र ‘गोड वाइन नवशिक्यांची’ असे म्हणून मला गप्प केले. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का? (एक वाचिका, कोल्हापूर)

त्या गृहस्थांना चिंचगुळाची आमटी वाढून पाहावी. त्या आमटीत गूळ आहे म्हणून कोणी तिला गोड पदार्थ म्हणत नाही. चिंचेशिवाय गूळ मिळमिळीत आणि गुळाशिवाय चिंच बोचरी. दोहोंचा तोल साधला की जीभ ‘गोड’ किंवा ‘आंबट’ असे न म्हणता ‘चविष्ट’ म्हणते. मोझेलच्या काबिनेट या नाजूक, हलक्या प्रकारच्या रीस्लिंगमध्ये लिटरला चाळीस-पन्नास ग्रॅम साखर असणे नेहमीचे आहे, आणि बाजारातल्या कोला पेयात ती शंभर ग्रॅमहून अधिक असते. पण काबिनेटमध्ये त्या साखरेच्या जोडीला लिटरमागे सात-आठ ग्रॅम, कधी त्याहूनही जास्त आम्ल असते. त्यामुळे घोट गिळल्यावर तोंड चिकट होत नाही, उलट पाणी सुटते.

ही साखर बाहेरून घातलेली नसते, हेही सांगायला हवे. द्राक्षरस आंबू लागला की यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करते. मोझेलच्या थंड तळघरात हिवाळा आला की यीस्ट आपोआप मंदावत असे आणि काही साखर उरत असे; आज तेच काम टाकी थंड करून, गंधकाचा अल्पसा वापर करून आणि गाळून केले जाते. यीस्टला अर्ध्यावर थांबवले म्हणून अल्कोहोलही कमी राहते, साडेसात-आठ टक्के. बाटलीवरची जर्मन नावे घोटाळ्यात टाकतात, म्हणून मी ग्राहकांना एक सोपी खूण सांगतो : लेबलवर अल्कोहोल आठ टक्के असेल तर वाइन गोडसर, बारा टक्के किंवा अधिक असेल तर बहुधा कोरडी. ‘ट्रोकन’ हा शब्द दिसला तर ती नक्की कोरडी.

मग गोड रीस्लिंगची अशी बदनामी का झाली? त्याला काही अंशी कारण खुद्द जर्मन लोकच आहेत. १७८७ मध्ये ट्रियरचे राजबिशप क्लेमेन्स वेन्त्सेस्लाउस यांनी हलक्या वेली काढून उत्तम जातीच्या लावा असा हुकूम काढला होता आणि त्याचा फायदा मोझेलवर रीस्लिंगला झाला. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी या वाइनना बोर्दोच्या नामवंत वाइनइतका मान आणि भाव होता. पण दुसऱ्या महायुद्धानंतर भराभर पिकणाऱ्या आणि भरघोस उत्पन्न देणाऱ्या म्युलर-थुर्गाऊ या संकरित जातीची लाट आली. सपाट, सुपीक जमिनीवर ती लावली गेली आणि एका टप्प्यावर जर्मनीत तिचे क्षेत्र रीस्लिंगच्या पुढे गेले. त्यातच १९७१ च्या वाइन कायद्याने दर्जा मुख्यतः रसातल्या साखरेवरून ठरवला आणि बाग कोणती, उतार कोणता, हा प्रश्न मागे पडला. लीबफ्राउमिल्श या नावाखाली परदेशी गेलेल्या स्वस्त साखरपाण्यात रीस्लिंग असलीच तर नावापुरती असे, पण बाटली तशीच उंच आणि निमुळती होती. लोकांनी बाटली ओळखली आणि दोष द्राक्षाला दिला.

शेजारच्या गृहस्थांना आणखी एक माहिती द्यावी. २०१५ मध्ये ट्रियर येथील लिलावात एगोन म्युलर यांच्या शार्त्सहोफबेर्ग बागेतील २००३ सालच्या ट्रोकनबेरेनआउसलेझे या अतिशय गोड रीस्लिंगच्या एका बाटलीला, कर वगळून, १२,००० युरो भाव आला. ‘ट्रोकन’ म्हणजे कोरडी असे मी वर म्हटले आणि या लांबलचक नावातही तो शब्द आहे, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेल. येथे कोरडे आहेत ते मणी : बुरशीने वेलीवरच सुकून बेदाण्यासारखे झालेले मणी एकेक वेचून ही वाइन करतात. नवशिके एवढे पैसे सहसा देत नाहीत.

प्रश्न : परदेशातून आणलेली एक जुनी रीस्लिंग उघडली तर तिला चक्क रॉकेलसारखा वास आला. बाटली खराब झाली असावी का? दुकानदार हसला आणि म्हणाला की हेच तिचे वैशिष्ट्य. तो मला फसवतो आहे असे वाटते. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

दुकानदार फसवत नाही, पण पूर्ण खरेही सांगत नाही.

द्राक्षाच्या सालीत कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्ये असतात. गाजराला रंग देणारी द्रव्ये याच कुळातली. घडावर ऊन जास्त पडले की त्यांच्यापासून काही संयुगे तयार होतात आणि बाटलीत वर्षानुवर्षे आम्लाच्या सान्निध्यात राहून त्यांतून टीडीएन या लघुनावाने ओळखले जाणारे द्रव्य सुटते. त्याचा वास रॉकेल-पेट्रोलच्या जवळ जातो. इतर द्राक्षांतही ते थोडेफार असते, पण रीस्लिंगमध्ये ते नाकाला जाणवण्याइतके होते. मधाचा, वाळलेल्या जर्दाळूचा, लिंबाच्या सालीचा वास सोबत असताना त्याची एक बारीक रेघ असली तर मला ती आवडते. लहानपणी वाड्यात स्टो पेटवताना यायचा तसा तो क्षणभर येतो आणि जातो. पण दोन-तीन वर्षांच्या कोवळ्या वाइनमध्येच तो नाकात भरत असेल, तर वेलीला ऊन फार लागले किंवा पाणी कमी पडले असा माझा निष्कर्ष असतो. त्याला वैशिष्ट्य म्हणून गौरवणे मला पटत नाही.

बुचाचाही यात हात आहे. नैसर्गिक बूच या द्रव्याचा काही अंश शोषून घेते, फिरकीचे झाकण घेत नाही. ऑस्ट्रेलियातील क्लेअर व्हॅलीच्या रीस्लिंग करणाऱ्यांनी, त्यांत जेफ्री ग्रॉसेट आघाडीवर होते, २००० सालच्या हंगामापासून एकत्र येऊन फिरकीचे झाकण स्वीकारले. कारण बुचाच्या बुरशी-वासाने त्यांच्या नितळ वाइन नासत होत्या. तो त्रास संपला, पण रॉकेल असेल तर ते आता बाटलीतच राहते. आपली बाटली ओतून देऊ नये. पेल्यात अर्धा तास ठेवून पुन्हा वास घ्यावा. ओल्या पुठ्ठ्याचा वास असेल तर मात्र ते बुचाचे दुखणे आहे, आणि तशी बाटली दुकानदाराला परत करण्याचा आपला हक्क आहे.

प्रश्न : आपल्या जेवणाबरोबर रीस्लिंग जाते का? किती थंड असावी? (एक वाचिका, मडगाव)

जाते, आणि तिखटाबरोबर तर इतर वाइनपेक्षा बरी जाते, कारण कमी अल्कोहोल तिखटाची आग वाढवत नाही आणि थोडी साखर ती शमवते. तळलेली सुरमई, कोळंबीचे हुमण, आंबट-तिखट आंबोटीक यांच्याबरोबर किंचित गोड काबिनेट घ्यावी. कोरडी रीस्लिंग उकडलेल्या खेकड्याबरोबर किंवा अळूवडीबरोबर छान लागते. पुरणपोळीबरोबर घेऊ नये. पोळी वाइनला आंबट करून टाकते. आठ ते दहा अंश सेल्सिअस पुरे. बर्फासारखी गार केली की वास बसतो आणि आपण पैसे कशासाठी दिले ते कळत नाही.

प्रश्न : हवामान तापते आहे. थंड प्रदेशाचे हे द्राक्ष त्याच्या मूळ गावीच टिकेल का? असे प्रेम करणाऱ्यांनी मग काय करायचे? (एक विद्यार्थी, राहुरी)

आपल्या प्रश्नाला दोन बाजू आहेत. मोझेलच्या जुन्या पिढीचा मुख्य त्रास ‘पिकत नाही’ हा होता. दहा वर्षांत दोन-तीनच हंगाम चांगले येत आणि बाकीच्या वर्षी आंबट, कच्चा रस घेऊन तळघरात डोके धरून बसावे लागे. लोझेन ज्या वर्षी बागेत आले, तेव्हापासून हे चित्र झपाट्याने पालटले. आता द्राक्ष जवळजवळ दरवर्षी पिकते. कोरड्या रीस्लिंगचा जर्मनीत जो नवा बोलबाला आहे, त्यात रुचीबदलाइतकाच या उबेचाही वाटा आहे, कारण कच्च्या द्राक्षाची कोरडी वाइन दात आंबवते.

दुसरी बाजू कडू आहे. पूर्वी नाजूक, हलकी काबिनेट सहज होत असे. आता रसात साखर इतक्या लवकर चढते की तिच्यासाठी तोडणी मुद्दाम आधी करावी लागते किंवा एकेकाळी कमी प्रतीच्या मानलेल्या थंड, आडबाजूच्या उतारांकडे वळावे लागते. मोझेलच्या जार आणि रूवेर या उपनद्यांच्या खोऱ्यांतील ज्या बागा कोणी विचारत नव्हते, त्यांना आता भाव आहे. काही जण घडाभोवतीची पाने काढण्याची जुनी सवय सोडून सावली राखू लागले आहेत. रॉकेलचा वर जो विषय आला त्यालाही तो उपाय लागू पडतो.

सर्वांत मोठा फटका आइसवाइनला बसला आहे. वेलीवर घड हिवाळ्यापर्यंत राखून, उणे सात अंश किंवा त्याखाली मणी गोठले की रात्री-पहाटे तोडायचे आणि गोठलेलेच दाबून, बर्फ मागे ठेवून, दाट रसाचे थेंब काढायचे, अशी ती रीत आहे. २०१९ च्या हंगामात जर्मनीच्या एकाही वाइन प्रदेशात पुरेशी थंडी पडली नाही आणि आइसवाइन झाली नाही. अशी ती पहिलीच वेळ. घड जाळीखाली फेब्रुवारीपर्यंत वाट पाहत राहिले. प्रेमाने काय करायचे, असे आपण विचारता. वर सांगितलेली कामे करायची. तोडणी आधी, पाने राखायची, थंड उतार शोधायचा, आणि ज्या वर्षी गोठत नाही त्या वर्षी पक्ष्यांना घड खाऊ द्यायचे.

प्रश्न : माझी दोन एकरांची थॉमसन या खायच्या द्राक्षाची बाग जुनी झाली आहे. ती काढून वाइनसाठी रीस्लिंग लावावी असा विचार आहे. आपल्या लेखातील कलम न केलेल्या वेलींचे वाचून खुंटाचा खर्चही वाचेल असे वाटले. सल्ला द्यावा. (एक द्राक्ष बागायतदार, दिंडोरी तालुका)

माझा सल्ला ‘लावू नये’ असा आहे, आणि तो मी अनुभवाचे चटके खाऊन देतो आहे.

आधी खुंटाविषयी. मोझेलवर खुंट नको, कारण तेथे किडीचा उपद्रव दगडाने रोखला. आपल्याकडे डॉगरिज खुंट आला तो खारे पाणी आणि दुष्काळ सोसण्यासाठी. आपली विहीर आणि आपली जमीन बदललेली नाही, तेव्हा तो खर्च वाचवायला जाऊ नये. पाणी आणि माती यांची तपासणी करून पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा, मग जात कोणतीही असो.

आता जातीविषयी. मोझेलवर वेल नोव्हेंबरात पाने गाळून चार-पाच महिने गाढ झोपते. विसाव्या अक्षांशावर आपली वेल झोपतच नाही. आपण तिला एप्रिलच्या खरड छाटणीने आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीने उठवत राहतो. घड पिकतात ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे थंडी ओसरून ऊन तापू लागलेले असताना. मोझेलवर याच्या नेमके उलट घडते : तेथे द्राक्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गारठ्यात सावकाश पिकते. द्राक्षाला आंबट ठेवणारे मॅलिक आम्ल उन्हात वेल स्वतःच जाळते. ज्या आंबटपणासाठी रीस्लिंग लावायची, तोच आपल्याकडे तोडणीच्या आधीच्या दोन आठवड्यांत हातातून निसटतो. त्यात रीस्लिंगचा घड लहान आणि मणी एकमेकांना चिकटलेले. अवकाळी पावसाची एक सर आली की आतले मणी फुटून घड कुजायला लागतो. एकरी उत्पन्नही हात आखडून मिळते.

नाशिकमध्ये हा प्रयत्न झालाच नाही असे नाही. सुला कंपनीने येथे पिकवलेली रीस्लिंग बाजारात आणली होती आणि ती पिण्याजोगी, सुखद होती. पण मोठी कंपनी प्रयोगाचा तोटा पचवू शकते. मी एक एकर लावली होती. पहिल्या वर्षी उत्साहाने मी साखर चढण्याची वाट पाहत बसलो. ब्रिक्स, म्हणजे रसातील साखरेचे माप, बावीसवर पोचली तेव्हा आंबटपणा इतका उतरला होता की रसात बाहेरून टार्टरिक आम्ल घालावे लागले. वाइन झाली, पण ती कशाचीही असू शकली असती. दुसऱ्या वर्षी अठराच्या आसपास तोडली. आंबट आली, वास आला नाही. तिसऱ्या वर्षी अवकाळीने निम्मे घड नेले. चौथ्या वर्षी मात्र डिसेंबर-जानेवारीची थंडी लांबली, पहाटेचा गारठा टिकला, आणि टाकीच्या नळाखाली पेला धरला तेव्हा हिरव्या सफरचंदाचा तो वास ओळखीचा निघाला. तेवढ्यावर मी आणखी दोन वर्षे काढली, हे माझ्या घरचे मला अजून ऐकवतात. शेवटी बाग काढली.

आपल्याला वाइनची द्राक्षेच लावायची असतील तर शेनिन ब्लाँ किंवा सोव्हिन्यों ब्लाँ पाहावी. नाशिकच्या पांढऱ्या वाइनचा कणा त्याच दोन जातींचा आहे, कारण शेनिनचा आंबटपणा आपल्या उन्हातही बराचसा टिकतो. आणि एक काडीही लावण्यापूर्वी वाइनरीशी किती वर्षांचा, कोणत्या ब्रिक्सला आणि कोणत्या भावाने, असा लेखी करार करावा. वाइनचे द्राक्ष खायच्या बाजारात विकले जात नाही. कंपनीने ऐन हंगामात पाठ फिरवली तर माल घेऊन जायला जागा नसते. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर उत्साहाने वाइनच्या जाती लावलेल्या अनेकांनी हा धडा महाग दराने घेतलेला आहे.

एवढे सांगूनही आपले मन वळत नसेल तर बाग पाहायला यावे. काढताना मी विहिरीच्या बाजूची एक ओळ तशीच ठेवली, तिच्यात चाळीसेक वेली अजून उभ्या आहेत. त्यांतून वर्षाला जेमतेम एक लहान काचेचा बुधला भरतो आणि तो विकायला नसतो. यंदाची गोडी छाटणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. येताना स्वतःची कात्री आणावी; माझ्याकडे एकच आहे.